गिटारचा स्वर खरखरीत करणारी पेटी

अमेरिकेतील नॅशव्हिल हे शहर ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. मार्टी रॉबिन्स या गायकाचे ‘डोन्ट वरी’ हे गीत तेथे मुद्रित होत असता ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांची बेस गिटार वाजवीत होता. तिचा स्वर ज्या मिश्रण-फलकातून मुद्रणयंत्राकडे जात होता, त्यातील एक रोहित्र नेमके त्याच वेळी बिघडले. परिणामी, गंभीर व गोल असा जो स्वर यावयास हवा होता, त्याच्या जागी घोगरा, फाटका, भुंग्याच्या गुंजारवासारखा आवाज फितीवर उमटला. बऱ्याच चर्चेनंतर तो तसाच ठेवण्यात आला. १९६१ साली हे गीत प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाले, आणि तसाच आवाज आपल्यालाही हवा, असे म्हणत इतर वादक स्टुडिओत येऊ लागले.

बिघडलेले रोहित्र काही सर्वांना पुरण्यासारखे नव्हते. तेव्हा त्या मुद्रणाचा अभियंता ग्लेन स्नॉडी याने रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याच्या साहाय्याने तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या योगे हेतुपुरस्सर घडवून आणणारे एक छोटे मंडल तयार केले आणि ते गिब्सन या वाद्यनिर्मात्या कंपनीला दिले. १९६२ साली ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ते बाजारात आले. गिटारमधून तुतारीसारख्या पितळी वाद्यांचे आवाज काढता येतील, अशी त्याची जाहिरात करण्यात आली होती. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्सने ते वापरले आणि सर्व चित्र पालटले. गंमत अशी की, रिचर्ड्सच्या मनात तो तुकडा पुढे पितळी वाद्यांवरच वाजवून घ्यावयाचा होता. गिटारवरील मुद्रण हा त्याच्या दृष्टीने कच्चा आराखडा होता.

पायाने दाबून चालू-बंद करावयाची अशी पेटी कोणाही उत्साही माणसाला घरच्या टेबलावर तयार करता येते. इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर असण्याची त्यासाठी आवश्यकता नाही. परंतु पेटीत नेमके काय घडते हे समजून न घेता केवळ आकृतीबरहुकूम तुकडे जोडले, तर ती बोलली नाही की कारागीर हताश होतो. म्हणून आधी तत्त्व पाहू.

विद्युत गिटारच्या पोलादी तारांखाली ‘पिकअप’ बसवलेला असतो. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे, एवढेच त्याचे स्वरूप. वरची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते व वेढ्यांत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. पेटीतील ट्रान्झिस्टर त्याला शेकडो पटींनी मोठे करू पाहतात. म्हणजे हिशेबाने तो कित्येक दशक व्होल्टांपर्यंत जावयास हवा. पण पेटीला शक्ती पुरवणारी बॅटरी असते अवघ्या ९ व्होल्टांची. त्या पलीकडे स्वराची लाट चढूच शकत नाही. तिची शिखरे वरून आणि दऱ्या खालून छाटल्या जातात, आणि जी लाट गोलसर वळणाची होती ती किल्ल्याच्या तटासारखी चौकोनी होऊन बाहेर पडते.

लाटेचा आकार बदलला की स्वराचा पोत बदलतो. चौकोनी लाटेत मूळ स्वराबरोबरच त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्यांचे उपस्वर भरलेले असतात. छाटणी वर-खाली सारखी नसेल तर दुप्पट, चौपट असे समसंख्य उपस्वरही त्यांत मिसळतात. हे उपस्वर कानाला खरखरीत, तेजस्वी व भरगच्च वाटतात. भारतीय वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट व किंचित उतरता घासून, तारेखाली सुताचा ‘जीव’ सरकवून मिरजेचे कारागीर जी जवारी काढतात, तिचे कार्यही उपस्वर जागे करणे हेच आहे. कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठभागाला क्षणोक्षणी स्पर्श करते व त्यामुळे एरवी उमटले नसते असे उपस्वरही घुमू लागतात, ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालच्या आपल्या निबंधात दाखवून दिली होती. तंबोऱ्यात हे काम लाकूड किंवा हाडाची घोडी करते, पेटीत ट्रान्झिस्टर करतो. साम्य याहून पुढे ताणू नये, कारण जवारीत जी मार्दवाची अपेक्षा असते ती या पेटीकडून कोणी करीत नाही.

एक गोष्ट मात्र वादकाने ध्यानात ठेवली पाहिजे. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात. २२० कंपनांचा षड्ज व ३३० कंपनांचा पंचम एकत्र वाजवला तर वजाबाकी ११० येते, म्हणजे खालच्या सप्तकातील तोच षड्ज. म्हणून या पेटीतून षड्ज-पंचमाची जोडी विलक्षण भारदस्त वाटते. चार-पाच स्वरांचा भरगच्च कॉर्ड वाजवला तर मात्र नको त्या स्वरांचा कोलाहल माजतो. पेटी बिघडली आहे अशी शंका नवख्याला येते ती बहुधा याच ठिकाणी.

घरी बनवण्यासाठी अनेक मंडले उपलब्ध आहेत. क्रेग अँडरटन या अमेरिकन लेखकाचे १९७५ सालचे ‘इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स’ हे पुस्तक वाचून कित्येकांनी या छंदात प्रवेश केला. परंतु शिकण्याच्या दृष्टीने लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली काढलेल्या ‘फझ फेस’ या पेटीचे मंडल सर्वांत सोयीचे; जिमी हेंड्रिक्सच्या वादनामुळे ते अजरामर झाले. त्यात मोजून अकरा भाग आहेत: दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रे आणि दोन फिरते नियंत्रक. (पुस्तकी भाषेत रोधक व धारित्र म्हटले, तरी दुकानात ‘रेझिस्टन्स’ व ‘कंडेन्सर’ याच नावांनी ते मागावे लागतात.)

गिटारचा संकेत २.२ मायक्रोफॅरडच्या धारित्रातून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या ‘बेस’वर येतो. या ट्रान्झिस्टरचा ‘कलेक्टर’ ३३ किलो-ओहमच्या रोधकाने बॅटरीला जोडलेला असून तोच थेट दुसऱ्याच्या बेसला जातो. मध्ये काहीही नाही. दुसऱ्याच्या ‘एमिटर’पासून १०० किलो-ओहमचा रोधक मागे वळून पहिल्याच्या बेसला मिळतो, आणि या परतवाटेमुळे दोघे एकमेकांना तोलून धरतात. त्याच एमिटरवर १ किलो-ओहमचा नियंत्रक असतो; त्याच्या मधल्या पायापासून जमिनीकडे २० मायक्रोफॅरडचे धारित्र जाते. हा नियंत्रक फिरवला की परतवाटेचा लगाम सैल होऊन खरखर वाढते. दुसऱ्याच्या कलेक्टरपासून बॅटरीपर्यंत ८.२ किलो-ओहम व ४७० ओहम असे दोन रोधक ओळीने असतात. त्यांच्या सांध्यातून ०.०१ मायक्रोफॅरडच्या धारित्राद्वारे संकेत उचलून ५०० किलो-ओहमच्या आवाज-नियंत्रकाकडे नेला जातो. सांध्यावरून उचलण्याचे कारण उघड आहे: कलेक्टरवरचा पुरा दाब बाहेर सोडला तर पुढच्या विवर्धकाची धडगत नाही, सांध्यावर त्याचा जेमतेम विसावा हिस्सा येतो.

मूळ पेटीत ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, आणि येथे भारतीय कारागिराने विशेष सावध राहिले पाहिजे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून संकेत नसतानाही थोडा प्रवाह झिरपत असतो, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ही गळती साधारणपणे दुप्पट होते. लंडनच्या २० अंशांच्या खोलीत सुरेख तोललेली पेटी नागपूरच्या किंवा दिल्लीच्या ४० अंशांच्या दुपारी चौपट गळतीशी झुंजू लागते. स्वर तुटक व रोडका होतो आणि दोष मात्र झाळकामाला दिला जातो. शिवाय दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर कधी सारखे निघत नाहीत. एकाच कंपनीच्या पाच-सात पेट्या वाजवून पाहून त्यांतली एक निवडण्याची वादकांची रीत होती, ती लहर नव्हे. आज जर्मेनियमचा माल बहुतांशी जुन्या साठ्यातून येतो आणि त्यात बनावटही पुष्कळ असते. पहिल्या प्रयत्नाला सिलिकॉनचे ट्रान्झिस्टरच घ्यावेत. फझ फेसच्याच पुढच्या आवृत्तीत बीसी १०८ हा सिलिकॉन ट्रान्झिस्टर आला होता. त्याचा प्लास्टिकमधला भाऊबंद बीसी ५४७ आज अवघ्या काही रुपयांत मिळतो. त्याचा आवाज अधिक धारदार असतो, पण तो उन्हाळ्यात रुसत नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एस. पी. रोड, कोलकात्याची चांदनी: या बाजारांत सर्व भाग मिळतात. साठ-सत्तरच्या दशकांत आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी पेटी मिळवणे दुष्कर होते. तरीही ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० व १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकांत भारतीय तरुणांच्या गिटारींचा हा खरखरीत स्वर स्पष्ट ऐकू येतो. खर्चाचा विचार केला तर इलेक्ट्रॉनिक भागांपेक्षा पायाने दाबावयाचे नऊ टोकांचे बटण, दोन पाव इंची जॅक व धातूची पेटी यांनाच अधिक पैसे पडतात.

झाळकामासाठी २५ वॅटची सोल्डरिंग-इस्त्री, राळ भरलेली कथील-शिशाची तार आणि तांब्याच्या पट्ट्यांचा व्हेरोबोर्ड पुरेसा होतो. आधी सांधा तापवावा व मग त्याला तार टेकवावी. इस्त्रीवर कथील घेऊन ते सांध्यावर चोपडण्याची सवय सर्वथा टाळावी. चांगला सांधा चकचकीत दिसतो व कथील त्यावर पसरलेले असते. भुरकट गोळी बसली असेल तर आत संपर्क नाही असे समजावे. शिशाच्या धुरापेक्षा राळेचा धूरच डोळ्यांना व फुप्फुसांना अधिक त्रास देतो, तेव्हा खिडकी उघडी असावी. हात मात्र शिशासाठीच धुवावेत.

जोडणी झाल्यावर गिटार लावण्याची घाई करू नये. बॅटरी जोडून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मापक टेकवावा. तेथे ४.५ व्होल्टांच्या जवळपास, म्हणजे बॅटरीच्या निम्मा दाब आढळला पाहिजे. तो फारच निराळा असेल तर ८.२ किलो-ओहमच्या जागी २० किलो-ओहमचा प्रीसेट बसवून तो साधून घ्यावा. कलेक्टरवर पुरे ९ व्होल्ट आढळले तर दुसरा ट्रान्झिस्टर झोपलेला आहे. बहुतेक वेळा त्याचे पाय उलटे लागलेले असतात.

९ व्होल्टांच्या बॅटरीपासून जिवाला धोका नाही. धोका आहे तो पेटीच्या पुढे असलेल्या विवर्धकात. निर्वात नळ्यांच्या विवर्धकात कित्येक शे व्होल्टांचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही त्यातील धारित्रे तो काही काळ धरून ठेवतात. पेटीत यश आले म्हणून त्याच उत्साहाने विवर्धक उघडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. तसेच गिटारच्या तारा विद्युतदृष्ट्या विवर्धकाच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरातील तीन टोकांच्या सॉकेटचे तिसरे भोक केवळ शोभेचे असेल, तर वादकाच्या बोटांखालच्या तारा व ओठांजवळचा ध्वनिग्राहक यांत प्राणघातक दाब येऊ शकतो. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सी येथे रंगमंचावरच अर्थिंग नसलेल्या ध्वनिग्राहकाला स्पर्श होऊन मरण पावला. तेव्हा पेटीवर खर्च करण्याआधी विजेच्या कारागिराकडून घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. बॅटरीऐवजी अडॅप्टर वापरावयाचा असल्यास आणखी एक काळजी घ्यावी: जर्मेनियमच्या जुन्या मंडलात बहुधा धन टोक जमिनीला असते, तर इतर पेट्यांत ऋण, दोहोंना एकाच अडॅप्टरवर लावले की थेट शॉर्ट होतो.

गिटारच्या तारेत ही पेटी सर्वांत आधी लावावी. तिचा प्रवेशरोध फार कमी असल्याने ती पिकअपशी प्रत्यक्ष बांधली जाते, आणि त्यामुळे गिटारवरील आवाजाचे बटण थोडे उतरवले की खरखर विरून स्वर पुन्हा स्वच्छ होतो. मध्ये दुसरी पेटी आली की हा गुण नाहीसा होतो. कुशल वादक पायाचे बटण क्वचितच दाबतो. करंगळीने गिटारचे बटण फिरवूनच तो मंद गुणगुणण्यापासून गर्जनेपर्यंत जातो.

राहता राहिले आवरण. फझ फेसची मूळ पेटी गोल होती. ध्वनिग्राहकाच्या स्टँडच्या वजनदार बैठकीवरून तो आकार सुचला असे सांगतात. घरी कोणताही आकार चालेल, पण धातूच हवा. लाकडी वा प्लास्टिकच्या पेटीत हेच मंडल रेडिओचा ग्राहक बनते आणि ऐन वादनात बातम्या किंवा क्रिकेटचे धावते वर्णन ऐकू येऊ लागते. ॲल्युमिनियमची पेटी न मिळाल्यास जाड पत्र्याचा डबा घ्यावा, त्याला आतून जमिनीची तार झाळावी आणि झाकण घट्ट बसेल असे पाहावे. पायाखाली दबणार नाही इतका पत्रा जाड असावा. बिस्किटांचे डबे या परीक्षेत सहसा उत्तीर्ण होत नाहीत.