गृहत्यागाचा प्रश्न आणि पुराव्यांची प्रमाणता

पालि व बौद्ध अध्ययन हा विषय घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच वर्षी एक पेच उभा राहतो. घरी आणि विहारात त्याने ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचलेला असतो. तेथे सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला संघर्ष येतो. अन्य पुस्तकांत मात्र वृद्ध, रोगी, प्रेत आणि परिव्राजक ही चार दृश्ये येतात. यांतले खरे कोणते, असे तो विचारतो. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा शिक्षक त्याचे नुकसान करतो. खरे ठरविण्याचे काम कोणत्या शास्त्राकडे सोपवायचे आणि ते शास्त्र कशाला पुरावा मानते, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे.

भाषाशास्त्राच्या आधारे ग्रंथपरीक्षण करणारा अभ्यासक घटनेकडे थेट जात नाही. तो ग्रंथांचे थर लावतो. चार दृश्यांची सविस्तर कथा दीघनिकायातील महापदानसुत्तात आहे, पण ती विपस्सी या पूर्वबुद्धाची. गोतमाच्या बाबतीत ती सविस्तर येते जातकट्ठकथेच्या निदानकथेत, म्हणजे अट्ठकथा-वाङ्मयात. खुद्दकनिकायातील बुद्धवंसात गोतमासंबंधी चार निमित्तांचा ओझरता उल्लेख आहे. तथापि हा ग्रंथ उत्तरकालीन मानला जातो. याउलट मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात तथागत स्वतः सांगतात की, ऐन तारुण्यात, आईवडील रडत असताना आपण केस-दाढी उतरवून घर सोडले. (आई म्हणजे येथे महापजापती गोतमी समजावी.) मध्यरात्री गुपचूप निघून जाणे या वर्णनाशी जुळत नाही.

सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्त याहून महत्त्वाचे. हातात दंड घेतल्यानेच भय उपजते आणि अपुऱ्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडणारी, परस्परांच्या विरोधात उभी राहिलेली माणसे पाहून आपणास उद्वेग वाटला, असा त्याचा आशय आहे. हे सुत्त ज्या अट्ठकवग्गात आहे त्यावरील ‘निद्देस’ ही टीका खुद्द तिपिटकातच समाविष्ट झाली आहे. शिवाय सोण कुटिकण्णाने भगवंतांसमोर अट्ठकवग्गाचे पठण केल्याचा प्रसंग विनयात व उदानात येतो. टीका होण्यापूर्वी मूळ ग्रंथ असलाच पाहिजे, या साध्या अनुमानावर अट्ठकवग्गाचे प्राचीनत्व उभे आहे. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात गृहत्यागाची चर्चा करताना याच सुत्ताकडे लक्ष वेधले.

पुरातत्त्वाची रीत निराळी. लुंबिनी येथे 1896 साली प्रकाशात आलेल्या स्तंभलेखावरून अशोक राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तेथे आला व त्याने गावाचा कर कमी केला, हे निश्चित होते. इ. स. पू. तिसऱ्या शतकात लोक हे स्थान बुद्धांचे जन्मस्थान मानीत होते, एवढे तो लेख सिद्ध करतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या उत्खननवृत्तात मायादेवी मंदिराखालील लाकडी बांधणीचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेला गेला. कोळशाचे वय प्रयोगशाळा सांगते. तेथे कोणाची आराधना होत होती हे कोळसा सांगत नाही, आणि वाद आहे तो तिथेच. कपिलवस्तू तिलौराकोट की पिपरहवा, याचाही निर्णय सर्वमान्य झालेला नाही. कुदळीला भिंत सापडते, हेतू सापडत नाही.

राहिला बाबासाहेबांचा युक्तिवाद. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी वा प्रेत पाहिलेच नाही हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी प्रस्तावनेत म्हटले. हे संभाव्यतेचे परीक्षण आहे आणि इतिहासकार ते नेहमीच करतो. त्यापुढे जाऊन त्यांनी शाक्य संघ, त्यातील बहुमताचा निर्णय, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध, अशी सामाजिक कारणमीमांसा रचली. अशी पुनर्रचना कोणत्याही एका वचनाने सिद्ध होत नसते. उपलब्ध पुराव्याचा अधिकाधिक भाग ती कितपत उलगडते, यावर तिचे मोल ठरते. अत्तदण्डसुत्त आणि अरियपरियेसनसुत्त तिला अनुकूल आहेत. प्रतिकूल बाबही सांगितलीच पाहिजे : रोहिणीच्या पाण्याचा तंटा येतो तो अट्ठकथांत, आणि तेथे तो संबोधीनंतरचा आहे, भगवंत स्वतः तो मिटवतात.

म्हणजे दोन्ही कथांचे सविस्तर रूप अट्ठकथांतून आलेले आहे. रोहिणीच्या कथेला ‘आधार नाही’ म्हणून हिणवणारा पंडित चार दृश्यांना तीच कसोटी लावीत नाही, ही गोष्ट शास्त्रीय नव्हे. आपल्यातील काही तरुण याउलट केसमुत्तिसुत्ताचा हवाला देऊन अडचणीचा ग्रंथपुरावाच बाजूला सारतात. त्या सुत्तात पिटकात आहे म्हणून स्वीकारू नका असे सांगितले आहे, तसेच तर्काला जुळते म्हणूनही स्वीकारू नका असे सांगितले आहे. कोणते आचरण कुशल व कोणते अकुशल, हे अनुभवाने पारखण्याची ती कसोटी आहे. ग्रंथाचा काळ ठरविण्यासाठी ती सांगितलेली नाही.

परीक्षेत ‘तिपिटकात असे आहे की रोहिणीच्या वादामुळे सिद्धार्थाने घर सोडले’ असे लिहू नये. ‘अत्तदण्डसुत्त व अट्ठकथांतील शाक्य-कोलीय कलहाची परंपरा यांच्या आधारे बाबासाहेबांनी केलेली पुनर्रचना अधिक संभाव्य वाटते’ असे लिहिता येते, आणि कोणत्याही परीक्षकासमोर त्याचे समर्थनही करता येते. बाबासाहेबांनी प्रस्तावनेत हे सारे समस्या म्हणूनच मांडले आहे आणि त्यांच्या उकलीत वाचकांनी भर घालावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.