बर्फावरचा राखणदार

स्वोबोदा हे आडनाव चेक मुलखात आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखे घरोघर सापडते. त्या भाषेत स्वोबोदा म्हणजे स्वातंत्र्य. आज ज्या पेत्र स्वोबोदाची हकीकत सांगणार आहे, त्याने या शब्दाची किंमत ऐन अठराव्या वर्षी मोजली. तो बर्फावरच्या हॉकीतला बचावपटू होता.

आधी खेळाची ओळख करून घेऊ. आपल्या देशात लडाखकडे तळी गोठली की हा खेळ चालतो, पण आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसणार. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असे बर्फाचे पटांगण, भोवती कठडा. खेळाडूंच्या पायात पोलादी पात्याचे बूट, हातात वाकड्या टोकाची काठी. चेंडू नाहीच. त्याऐवजी टणक रबराची एक काळी चकती असते. वजन दीडशे ग्रॅमच्या वर, जाडी जेमतेम एक इंच, आणि ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी बर्फावर. एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तिघे पुढचे. दमछाक एवढी, की गडी पाऊण-एक मिनिटात बाहेर येतो आणि ताज्या दमाचा आत जातो. कोणी आगळीक केली तर त्याला दोन मिनिटे कठड्याबाहेर बसवतात, आणि तेवढा वेळ त्याच्या संघाने एक गडी कमी घेऊन लढायचे.

यात बचावपटूचे काम मोठे चमत्कारिक. समोरून तिघे वाऱ्यासारखे येताहेत, आणि याने त्यांच्याकडे तोंड ठेवून उलटे, पाठीमागे घसरत जायचे. नजर चकतीवर नव्हे, माणसाच्या छातीवर, कारण काठी फसवते, छाती फसवत नाही. कबड्डीत कोपरा सांभाळणारा गडी आठवा. पकड झाली तर टाळ्या सगळ्यांना, चढाईवाला निसटला तर दोष मात्र याला. गोल करणाऱ्याची नोंद वहीत होते. न होऊ दिलेल्या गोलांची नोंद कुठल्याच वहीत नसते.

पेत्र स्वोबोदा 1966 साली मोस्त या गावी जन्मला. शिक्षकमंडळींनी युरोपचा नकाशा काढावा; चेक देशाच्या वायव्येला, जर्मनीच्या सरहद्दीजवळ हे गाव सापडेल. हा सारा कोळशाच्या खाणींचा मुलूख. जुन्या मोस्त गावाखालीच कोळसा निघाला, तेव्हा सरकारने अख्खे गाव पाडून शेजारी नवे वसवले. फक्त एक जुने दगडी चर्च पाडवेना. मग 1975 साली ते रुळांवर चढवून आठशे मीटरहून अधिक अंतर सरकवत नेले! ही गोष्ट खरी आहे, बरं का. शेजारच्या लित्वीनोव्ह गावी रसायनांचा कारखाना होता आणि त्या कारखान्याच्या नावाचा हॉकीसंघ. पेत्र याच संघात तयार झाला.

त्या काळी चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट होती, आणि हॉकीपटूंवर तिची करडी नजर असे. 1950 साली राष्ट्रीय संघाचे खेळाडू लंडनच्या जागतिक स्पर्धेला निघाले असता त्यांना ऐनवेळी अडवले, मग पकडले. देश सोडण्याचा कट केला असा ठपका ठेवून वर्षानुवर्षांच्या शिक्षा दिल्या. गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची सजा झाली. विनापरवाना देश सोडणे हा गुन्हा, आणि सोडला तर परतीची वाट तुरुंगाच्या दारातून.

हे सारे ठाऊक असलेल्या देशातला हा पोरगा 1984 साली युवकांच्या स्पर्धेसाठी संघाबरोबर पश्चिम जर्मनीत गेला आणि तिथेच राहिला. संघ परतला, पेत्र परतला नाही. अठरा वर्षांचे वय! आपल्याकडे या वयाच्या मुलाला घरचे लोक तालुक्याच्या गावी एकटा पाठवताना दहादा बजावतात.

त्याच जूनमध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरी अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगची वार्षिक निवड होती. तिथे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात. माँट्रियलच्या संघाने पाचव्या क्रमांकावर स्वोबोदाचे नाव पुकारले आणि हा सडपातळ पोरगा सभागृहातून चालत पुढे आला. तो तिथे हजर असेल याची बहुतेकांना कल्पनाच नव्हती. दोनच वर्षांनी, 1986 साली, त्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. पुढे तो बफेलो आणि फिलाडेल्फिया या संघांकडून खेळला. अंगाने काटकुळा, पण माघार घेणारा नव्हे. सगळ्या कारकिर्दीत मिळून 1605 मिनिटे त्याने शिक्षेच्या बाकावर काढली. हिशेब केला तर पावणेसत्तावीस तास होतात. हे काही विद्यार्थ्यांनी गिरवावे असे नव्हे!

नोव्हेंबर 1989 मध्ये ती राजवट कोसळली. 1993 च्या पहिल्या दिवशी चेक आणि स्लोव्हाक असे दोन देश झाले. म्हणजे पेत्रने जो देश सोडला होता तो आता नकाशावरच उरला नाही.

1998 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी त्या व्यावसायिक लीगने प्रथमच आपले सामने थांबवून खेळाडूंना मोकळे सोडले. स्पर्धा जपानात, नागानो येथे. चेक संघाचा मार्गदर्शक होता इव्हान हलिंका, कर्णधार व्लादिमीर रूझिच्का. दोघेही जन्माने मोस्तचेच! चौदा वर्षांनी घरचा पोशाख अंगावर चढला तो गावच्याच माणसांच्या सोबतीने.

चेक संघाने आधी अमेरिकेला हरवले, मग कॅनडाला. या दोन्ही विजयांचे पहिले श्रेय गोलरक्षक दोमिनिक हाशेकचे. 22 फेब्रुवारीला अंतिम सामना रशियाशी. चेक माणसाला रशियाशी सामना म्हणजे नुसता खेळ नव्हता. 1968 साली सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर उतरले होते, आणि पुढल्याच वर्षी चेकोस्लोव्हाक संघाने सोव्हिएत संघाला जागतिक स्पर्धेत दोनदा हरवले तेव्हा लोकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला होता.

जपानात दुपार, प्रागमध्ये भली पहाट. शहरातल्या जुन्या चौकात हजारो लोक थंडीत मोठ्या पडद्यापुढे उभे. दोन डाव संपले, गोल कुणाचाच नाही. तिसऱ्या डावाची आठ मिनिटे झाली असताना रशियाच्या गोलाजवळ चकती टाकली गेली. पातेराने ती मिळवली, प्रोखाझ्काने मागे ढकलली. मागे निळ्या रेघेपाशी राखणीला उभा होता स्वोबोदा. त्याने काठी उगारून लांबूनच फटका मारला. गर्दीतून वाट काढत चकती जाळ्यात! एक विरुद्ध शून्य. उरलेली बारा मिनिटे हाशेकने काही आत जाऊ दिले नाही, आणि सुवर्णपदक चेक संघाचे झाले.

आता गंमत पाहा. या माणसाने त्या व्यावसायिक लीगमध्ये 1028 सामने खेळले, हजाराचा टप्पा ओलांडणारा तो पहिला चेक खेळाडू. पण गोल किती? अवघे 58. म्हणजे सतरा-अठरा सामन्यांत एखादा. आघाडीचे नावाजलेले खेळाडू त्या दिवशी दोन्ही बाजूंना होते. त्यांच्यापैकी एकालाही गोल साधला नाही.

नागानोनंतर तो टँपा येथील संघात गेला. बर्फावर डोक्याला बसलेले मार अखेर भोवले, आणि 2000–01 च्या हंगामात त्याला खेळ सोडावा लागला. पुढे त्याने इतर खेळाडूंचे करार ठरवून देण्याचा व्यवसाय केला. नामांकित यारोमीर यागर हाही त्याच्याकडे होता. आणि प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात 2004 साली एक नवे संगीत नाटक रंगमंचावर आले. त्याचा विषय तो हॉकीचा विजय, आणि नाव ‘नागानो’.