ॲप असूनही पियानोच्या तारा ‘गप्प’ का कराव्या लागतात?

पियानोला पट्ट्या ८८, पण तारा साधारण २३०. मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका पट्टीचा हातोडा एकदम तीन तारांवर आपटतो. खर्जात दोन आणि अगदी खालच्या स्वरांना एकच तार असते.

अडचण इथेच येते. समजा, एक तार ४४० हर्ट्झवर आणि शेजारची ४४२ वर आहे. दोन्ही एकत्र वाजल्या की आवाज सेकंदाला दोनदा लहान-मोठा होतो. ॲपला फक्त हा मिसळलेला आवाज मिळतो. नेमकी कोणती तार बिघडली, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून ट्यूनर तारांमध्ये रबराची पाचर किंवा फेल्टची पट्टी अडकवतो. बाजूच्या तारा गप्प होतात. मधली एकटी वाजते आणि यंत्रावर पाहून लावली जाते. मग एकेक पाचर काढून बाकीच्या तारा तिच्याशी मिळवल्या जातात. इथे अनेक ट्यूनर कानावरच भरवसा ठेवतात. आवाजातली थरथर थांबली की सूर जुळला.

गिटारचं साधं ॲप मात्र पुरत नाही. पियानोच्या तारा ताठ असल्याने त्यांचे उपस्वर किंचित चढे असतात. त्यामुळे सप्तकंही थोडी ताणून लावावी लागतात. पियानोसाठीची खास यंत्रं हा हिशेब करतात.

घरी प्रयोग करणार असाल, तर एक लक्षात ठेवा. सगळ्या तारांचा मिळून ताण साधारण १५ ते २० टन असतो. चुकून गप्प केलेल्या तारेची खुंटी पिळत राहिलात, तर स्क्रीनवरचा काटा जागचा हलणार नाही. तार मात्र तुटेल.