मॅनेजरची खुर्ची आणि गुणवत्तेचा डांगोरा

इंग्लंडमधल्या बड्या फुटबॉल क्लबने मॅनेजर काढला की लगेच नव्या नावांची चर्चा सुरू होते. ही नावे सुचवतो कोण? बहुतेक वेळा मालक, दलाल आणि जुने ओळखीचे! आणि निवड झाली की गुणवत्तेचा डांगोरा पिटला जातो. आम्ही विचारतो, ही कुठली गुणवत्ता?

मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येने घाम गाळतात. गोल त्यांनी करायचे, हुकूम मात्र दुसऱ्यांनी सोडायचे! टोनी कॉलिन्स यांनी १९६२ मध्ये चौथ्या श्रेणीतल्या रॉचडेलला लीग कपच्या अंतिम फेरीत नेले. रूड गुलिट यांनी १९९७ मध्ये चेल्सीला एफए कप जिंकून दिला. कर्तबगारी सिद्ध झाली होती. तरीही प्रीमियर लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश मॅनेजर यायला २००८ साल उजाडले. ब्लॅकबर्नने पॉल इन्स यांना नेमले आणि सहा महिन्यांत काढले. निकाल वाईट होते, हे खरे. पण हरलेल्या कितीतरी गोऱ्या मॅनेजरांना पुन्हा संधी मिळाली. इन्स यांना प्रीमियर लीगचे दार पुन्हा उघडले नाही.

अमेरिकन फुटबॉलने २००३ मध्ये ‘रूनी नियम’ आणला. मुख्य प्रशिक्षक निवडताना किमान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेणे बंधनकारक झाले. त्यात नेमणुकीची हमी नाही, फक्त मुलाखतीची आहे. तेवढ्यानेही प्रस्थापितांच्या पोटात दुखत असेल, तर त्यांना भीती कशाची वाटते?

मेहेरबानी कोणीच मागत नाही. आधी मुलाखतीच्या खोलीचे दार उघडा, मग गुणवत्तेची भाषा करा!