प्रसूतिपश्चात गर्भनिरोधन

प्रसूतिपश्चात गर्भनिरोधन म्हणजे मूल जन्मल्यानंतरच्या पहिल्या बारा महिन्यांत नको असलेली किंवा फार लवकर होणारी गर्भधारणा टाळण्यासाठी केलेला गर्भनिरोधक साधनांचा वापर. दोन मुलांत अंतर ठेवण्याला मराठीत 'पाळणा लांबवणे' आणि पुढे मूल नको असल्यास 'पाळणा थांबवणे' असे म्हणतात. तांबी, त्वचेखालील रोपण, नसबंदी यांसारख्या दीर्घकालीन पद्धती नेमक्या केव्हा सुरू कराव्यात, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असते: प्रजननक्षमता केव्हा परत येते, बाळ अंगावरचे दूध पिते का, आणि कोणती पद्धत निवडली आहे. काही पद्धतींची सर्वांत सोयीची वेळ प्रसूतीनंतर काही मिनिटांतच येते. म्हणून हा निर्णय शक्यतो गरोदरपणातच व्हावा, असे आरोग्यसंस्था सुचवतात.

दोन मुलांमधील अंतर

एका जिवंत जन्मानंतर पुढील गर्भधारणेचा प्रयत्न करण्यापूर्वी किमान २४ महिने थांबावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत २००५ साली करण्यात आली. याचा अर्थ दोन मुलांच्या वयात साधारण तीन वर्षांचे अंतर राहावे. फार लवकर झालेल्या गर्भधारणेत मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. पहिल्या बाळंतपणात झालेला रक्तक्षय भरून निघण्यास स्त्रीला पुरेसा अवधी मिळत नाही, आणि आधीच्या बाळाचे स्तनपानही अर्धवट सुटू शकते. सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या बाबतीत गर्भाशयावरील व्रण भरून येण्यासाठीही हे अंतर महत्त्वाचे असते.

प्रजननक्षमता परत येण्याचा काळ

पाळी पुन्हा सुरू झाल्याशिवाय दिवस राहत नाहीत, ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. बीजमोचन पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होते. त्यामुळे प्रसूतीनंतरची पहिली पाळी दिसण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. बाळाला अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीमध्ये पहिले बीजमोचन चौथ्या आठवड्यातही होऊ शकते. म्हणून अशा स्त्रीला प्रसूतीनंतर २१ दिवसांपासून गर्भनिरोधनाची गरज असल्याचे मानले जाते.

स्तनपान करणाऱ्या स्त्रीमध्ये हा काळ लांबतो, मात्र तो किती लांबेल हे प्रत्येकीच्या बाबतीत वेगळे असते. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ साली झालेल्या बैठकीत यासंबंधीचे तीन निकष मान्य झाले. त्यांवर आधारित पद्धतीला 'स्तनपानजन्य अनार्तव पद्धत' म्हणतात. निकष पुढीलप्रमाणे आहेत:

१. प्रसूतीनंतर पाळी आलेली नसावी. (पहिल्या आठ आठवड्यांतील रक्तस्राव पाळी म्हणून धरला जात नाही.)
२. बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर असावे, आणि त्याला दिवसा तसेच रात्रीही पाजले जात असावे.
३. बाळाचे वय सहा महिन्यांपेक्षा कमी असावे.

हे तिन्ही निकष एकाच वेळी पूर्ण होत असतील, तर सहा महिन्यांच्या काळात शंभरांपैकी सुमारे दोन स्त्रियांनाच गर्भधारणा होते. एकही निकष सुटला की संरक्षण भरवशाचे राहत नाही. बाळाला वरचे दूध सुरू करणे, ते रात्रभर न पिता झोपू लागणे, किंवा आई कामावर रुजू झाल्यामुळे दिवसाचे पाजणे कमी होणे, या नेहमीच्या घटना आहेत. त्यामुळे ही पद्धत पुढील साधन सुरू करेपर्यंतचा पूल मानली जाते. ते साधन निकष सुटण्याआधीच ठरलेले असणे इष्ट असते.

पद्धतीनुसार प्रारंभाचा काळ

तांबी
गर्भाशयात बसवण्याच्या तांबेयुक्त साधनाला मराठीत तांबी म्हणतात. ती वार पडल्यानंतर दहा मिनिटांत, सिझेरियनच्या वेळी टाके घालण्यापूर्वी, किंवा प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते. ही संधी गेल्यास साधारणपणे सहा आठवड्यांपर्यंत थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार चार आठवड्यांनंतरही ती बसवता येते. मधल्या काळात गर्भाशय आकुंचन पावत असल्याने तांबी बसवणे टाळले जाते. प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी आपोआप बाहेर पडण्याचे प्रमाण नंतर बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त असते. म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी आवश्यक असते. असे असले, तरी नंतर येऊ म्हणून गेलेल्या अनेक स्त्रिया परत येऊ शकत नाहीत, या कारणास्तव तत्काळ बसवण्याचा पर्याय दिला जातो. प्रसूतिपूर्वी १८ तासांहून अधिक काळ पाणमोट फुटलेली असल्यास, जंतुसंसर्गाची लक्षणे असल्यास किंवा रक्तस्राव आटोक्यात नसल्यास त्या वेळी तांबी बसवत नाहीत. भारतात ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षे, तर ३७५ प्रकारची पाच वर्षे उपयोगी धरली जाते. दोन्ही केव्हाही काढता येतात.

त्वचेखालील रोपण
दंडाच्या आतील बाजूस त्वचेखाली बसवल्या जाणाऱ्या या बारीक, लवचिक कांडीतून प्रोजेस्टोजेन संप्रेरक हळूहळू स्रवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निकषांनुसार ती स्तनपान करणाऱ्या स्त्रीलाही प्रसूतीनंतर लगेच बसवता येते.

इंजेक्शन
दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे संप्रेरकाचे इंजेक्शन भारताच्या शासकीय कार्यक्रमात 'अंतरा' या नावाने मिळते. स्तनपान करणाऱ्या स्त्रीला ते सहा आठवड्यांनंतर दिले जाते. इंजेक्शन थांबवल्यावर प्रजननक्षमता परत येण्यास काही महिने लागू शकतात.

गोळ्या
लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली, संप्रेरकविरहित 'छाया' ही गोळी स्तनपान करणाऱ्या स्त्रीला घेता येते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते. 'माला-एन'सारख्या संयुक्त संप्रेरक गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालते. त्यामुळे स्तनपान करणाऱ्या स्त्रीला पहिले सहा आठवडे या गोळ्या निषिद्ध असतात, आणि सहा महिन्यांपर्यंत त्या सहसा दिल्या जात नाहीत. स्तनपान न करणाऱ्या स्त्रीनेही पहिले तीन आठवडे त्या घेऊ नयेत.

नसबंदी
स्त्री-नसबंदी प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत लहान छेदाच्या शस्त्रक्रियेने, सिझेरियनसोबत, किंवा सहा आठवड्यांनंतर करता येते. दुर्बिणीद्वारे करावयाची शस्त्रक्रिया सहा आठवड्यांनंतरच होते. पुरुष-नसबंदीचा पत्नीच्या प्रसूतीशी शारीरिक संबंध नसल्याने ती केव्हाही करता येते आणि तिची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. मात्र तिचा परिणाम लगेच होत नाही. सुमारे तीन महिन्यांनंतर वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याची खात्री होईपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते.

तांबी, रोपण आणि नसबंदी यांच्या वापरात पहिल्या वर्षी शंभरांमागे एकाहून कमी गर्भधारणा होतात. गोळ्यांच्या प्रत्यक्ष वापरात, विसरलेल्या गोळ्या धरून, हे प्रमाण सुमारे सात इतके असते. तान्हे मूल सांभाळताना दररोज लक्षात ठेवावे लागणारे साधन चुकण्याची शक्यता अधिक असते; दीर्घकालीन पद्धतींकडे कल असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

निर्णयाची वेळ आणि संमती

महाराष्ट्रात अनेक कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी होते. अशा वेळी नावनोंदणी एका आरोग्य केंद्रात, प्रसूती दुसऱ्या रुग्णालयात आणि पुढील वास्तव्य पुन्हा सासरी असे घडते, आणि सहा आठवड्यांची तपासणी मध्येच राहून जाऊ शकते. सव्वा महिना घराबाहेर न पडण्याच्या रूढीमुळेही ती पुढे ढकलली जाते. आशा स्वयंसेविकेच्या नवजात बालकासाठीच्या गृहभेटींपैकी शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. गर्भनिरोधनाविषयी विचारणा करण्याची ती एक संधी असते.

निर्णय लवकर घेण्याचा आग्रह आणि निर्णय लादणे यांत मूलभूत फरक आहे. प्रसूतिकळा सुरू असताना किंवा गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली घेतलेली संमती ग्राह्य मानली जात नाही. म्हणूनच माहिती आधीच्या तपासण्यांत, शक्यतो पतीच्या उपस्थितीत, परंतु स्त्रीशी स्वतंत्रपणेही बोलून देणे आवश्यक ठरते. गरोदरपणात दिलेला होकार स्त्री प्रसूतीच्या क्षणापर्यंत मागे घेऊ शकते. नसबंदीचा निर्णय कायमस्वरूपी असल्याने आणि नवजात बाळाच्या प्रकृतीविषयी सुरुवातीचे दिवस अनिश्चिततेचे असू शकत असल्याने त्याबाबत अधिक सावधगिरी बाळगली जाते.

भारतात या प्रश्नाला इतिहासाचीही पार्श्वभूमी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा गर्भनिरोधन हा व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, निवडीचा विषय म्हणून मांडला गेला होता. पुढे आणीबाणीच्या काळात (१९७५-७७) सक्तीच्या नसबंदीमुळे कुटुंबनियोजन या शब्दाभोवतीच भीती निर्माण झाली. १९९६ साली केंद्र शासनाने पद्धतनिहाय उद्दिष्टे रद्द केली. देविका बिस्वास विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले आणि माहितीपूर्ण संमतीवर भर दिला.

प्रचलित गैरसमज

तांबीमुळे दूध आटते, ही समजूत निराधार आहे. तांबीत संप्रेरक नसते. बसवलेली तांबी पोटात वर सरकून छातीपर्यंत जाते, हेही खरे नाही. गर्भाशयाला छिद्र पडण्याची गुंतागुंत क्वचित घडते, परंतु तांबी छातीपर्यंत जाण्यास मार्ग नसतो. पुरुष-नसबंदीमुळे अशक्तपणा येतो या समजुतीलाही वैद्यकीय आधार नाही. याउलट तांबीमुळे पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव व पोटदुखी वाढू शकते, आणि इंजेक्शन किंवा रोपणामुळे पाळी अनियमित होऊ शकते, हे परिणाम खरे आहेत. ते आधी सांगितलेले नसतील, तर साधन मध्येच काढून टाकण्याची शक्यता वाढते.

हे सुद्धा पहा

कुटुंबनियोजन
तांबी
स्तनपान
रघुनाथ धोंडो कर्वे