‘बिनतारी’ : संज्ञा आणि वस्तुस्थिती

पोलिसांच्या संदेशयंत्रणेमुळे परिचित झालेली ‘बिनतारी’ ही संज्ञा संगणकांच्या जाळ्यास लावताना तिचा अर्थ तपासून घेणे इष्ट होय. वडीगोद्रीसारख्या (ता. अंबड) गावी एखाद्या कार्यालयातील चार-पाच संगणक बिनतारी पद्धतीने जोडले, तरी बाहेरून प्रक्षेपक उपकरणापर्यंत येणारी तार बहुधा राहतेच, सुटते ती केवळ तेथून संगणकापर्यंतची. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा भिंतींतून अधिक दूर पोचतात; वेग मात्र सर्वसाधारणतः कमी मिळतो. तारेतील संदेश बव्हंशी तारेपुरताच राहतो. लहर भिंतीबाहेरही जाते. म्हणून परवलीचा शब्द व संदेशांचे कूटलेखन येथे अनिवार्य ठरते. सारांश, ‘बिन’ हा उपसर्ग तारेचा अभाव सांगतो. तारेबरोबर तिने दिलेला आडोसाही गेला, हे तो सांगत नाही.