उंची : किती आणि कोणत्या मोलाने?

(द्वितीय वर्ष, कला)

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटीमीटर आणि स्त्री उमेदवाराची १५५ सेंटीमीटर लागते. या रेघेपाशी अडून मैदानावरून परत फिरलेली मुले आमच्या गावात मी पाहिली आहेत. त्यांपैकीच एका मित्राने, जो दोन सेंटीमीटरने हुकला होता, दिवाळीच्या सुटीत मला विचारले, "ऑपरेशन करून पाय लांब करतात म्हणे. तू कॉलेजात आहेस, तुला ठाऊक असेल. किती वाढवून मिळतात?" आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळे कागद वाचायला माझ्याकडे येतात. पण हा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला जडच होता. तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांना दोनदा भेटून आणि मिळेल ते वाचून जे उमगले, ते येथे मांडतो.

ही विद्या मुळात उंचीच्या हौसेसाठी जन्मली नाही. सायबेरियातील कुर्गान प्रांतात गाव्रील इलिझारोव (१९२१-१९९२) नावाचे डॉक्टर होते. युद्धानंतरच्या त्या काळात न जुळलेली, वाकडी जुळलेली हाडे घेऊन माणसे त्यांच्याकडे येत. त्यांनी पायाभोवती पोलादी कड्या बसवून, हाडातून आरपार तारा ओवून ते ताणून धरण्याची रीत १९५०च्या सुमारास काढली. आरंभी त्यांनी सायकलच्या चाकाचे आरे वापरले, असे सांगतात. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळविणारा वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रिया वाया गेल्यावर इलिझारोव यांनी १९६८ मध्ये त्याचा पाय उभा केला आणि त्याने पुन्हा दोन मीटरांपलीकडे उडी मारली. पुढे १९८१ मध्ये इटलीतल्या परिषदेत इलिझारोव बोलले, तेव्हा कोठे पश्चिमेकडील डॉक्टरांना या पद्धतीची नीट ओळख झाली.

आता हाड वाढते कसे ते पाहू. ते आतला रक्तपुरवठा राखून बेताने कापतात आणि पाच-सात दिवस तसेच राहू देतात. मग दोन टोके दिवसाला एक मिलिमीटर या गतीने दूर सारतात. तेही एकदम नव्हे, पाव मिलिमीटर चार वेळा. मधल्या फटीत कोवळे हाड धरत जाते. इलिझारोव यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते : अर्ध्या मिलिमीटरने गेले तर फट वेळेआधीच सांधून जाते, दोन मिलिमीटरने गेले तर नवे हाड नीट धरत नाही. गतीची मर्यादा ही अशी प्रयोगांतून ठरलेली आहे.

मला वाटले होते, एवढे जमले म्हणजे हवे तितके वाढवता येईल. तसे नाही. हाड कापल्यावर वाढते. पण त्याच्याभोवतीचे स्नायू, कंडरा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू कापलेले नसतात, त्यांना नुसते ताणून घ्यावे लागते. नडगी वाढवताना पोटरी आणि टाचेची शीर मागे पडते. टाच वर राहून माणूस चवड्यावर चालू लागतो. मज्जातंतू फार ताणला गेला तर पाऊल वर उचलता येत नाही. गुडघा आणि घोटा आखडतात. म्हणून धडधाकट माणसाच्या नडगीत साधारण पाच सेंटीमीटरपर्यंतच थांबावे, असे बहुतेक जाणते शल्यचिकित्सक मानतात. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाची नडगी सुमारे ३५ सेंटीमीटर धरली, तर हा तिचा सातवा हिस्सा झाला. मांडीचे स्नायू मोठे असल्याने तेथे थोडे अधिक, सात-आठ सेंटीमीटरपर्यंत जातात. पण जसजसा आकडा वाढतो तसतशी गुंतागुंतही वाढत जाते. पाच ही लक्ष्मणरेषा नव्हे : एखाद्याचे स्नायू तीनलाच नको म्हणतात.

मग दहा, बारा सेंटीमीटरचे आकडे कानावर येतात ते कोठून? अनेकदा ते जन्मजात खुजेपणा असलेल्या रुग्णांचे असतात. त्यांचे स्नायू हाडांच्या मानाने सैल असतात आणि वाढ वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने केलेली असते. तो हिशेब माझ्या मित्रासारख्या धडधाकट माणसाला लावून चालत नाही.

अलीकडे कड्यांऐवजी हाडाच्या पोकळीत सळई घालतात आणि बाहेरून चुंबकाने ती लांबवतात. तारांच्या जखमा चिघळण्याचा त्रास त्यात नाही, पण पोकळी कोरताना मज्जेतील चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. दोन्ही पाय एकाच बैठकीला केले तर तो वाढतो. शिवाय स्नायूंना सळई काय आणि कडी काय, ताण तोच. याच जातीची 'स्ट्राइड' नावाची पोलादी सळई तर धातू गंजण्याच्या आणि भोवतालच्या हाडात बदल होण्याच्या तक्रारींमुळे २०२१ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली.

वेळेचा हिशेब कोणी आपण होऊन सांगत नाही. पाच सेंटीमीटर म्हणजे ताणण्याचेच पन्नास दिवस. पण नवे हाड घट्ट होईपर्यंत, कड्यांच्या पद्धतीत, दर सेंटीमीटरमागे महिना-दीड महिना धरावा लागतो. म्हणजे पाच ते आठ महिने. रोजचा व्यायाम वेगळा, तोही घामासकट आणि कधी रडून. पोलीस भरतीत उंची मोजून झाली की पुरुषांना १६०० मीटर धावायचे असते. दोन्ही पायांची हाडे कापून घेतलेला मुलगा ते अंतर पूर्वीसारखे कधी धावेल, किंवा धावेल की नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. खर्च कित्येक लाखांचा. दोन सेंटीमीटरपायी दीड एकर विकावी का, हे मी त्याच्या वडिलांना सांगू शकत नाही. पण हिशेबात हे पळणेही धरा, एवढे मी त्यांना म्हटले.

चीनने २००६ मध्ये केवळ उंचीसाठी ही शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली. वैद्यकीय कारण असेल तरच परवानगी. आपल्याकडे २०१६ मध्ये हैदराबादला एका तरुणाने घरी न सांगता ती करून घेतली, आई-वडील शोधत आले, आणि बराच गाजावाजा झाला. बंदी हवी की नको यावर आमच्या वर्गात दोन तट पडले. माझा कल बंदीकडे नाही. परंतु हाती करारपत्र देताना त्यावर सेंटीमीटरचा आकडा लिहून देणाऱ्या दवाखान्यात मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी मला एक साधी तपासणी दाखवली. गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीशी काटकोनात येते का, हे वाढ चालू असताना पुनःपुन्हा पाहायचे. ते येईनासे झाले, की गती कमी करायची. तरीही सुधारले नाही, तर कडीवरच्या नटाला हात लावायचा नाही, मग तोवर तीन सेंटीमीटर झालेले असोत की साडेतीन.